शेतावरील इतिहास-निरूपण : बहुरूप कीं कीर्तन ?

महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण मंजूर केलें. परंतु त्यापूर्वींच ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील मंडळी सुट्टीच्या दिवशीं मुरबाड व शहापूर तालुक्यांतील शेतांवर जाऊं लागलीं होतीं. बैलगाडींत बसणें, चिखलांत उतरून चार रोपें लावणें, चुलीवरचें जेवण जेवणें, एवढाच प्रारंभीं या भेटींचा हेतु असे. पुढें त्यांत इतिहासाची भर पडली. अशांपैकीं एका ठिकाणीं ‘शिवकालीन शेत’ या नांवानें दाखविला जाणारा प्रयोग मीं दोन वेळां पाहिला. एकदां मार्गशीर्षांत खळें चालू असतां, व पुन्हां फाल्गुनांत राब भाजण्याच्या दिवसांत. त्या प्रयोगाचें परीक्षण करणें हा या लेखाचा हेतु आहे. स्थळाचें व माणसांचीं नांवें दिलेलीं नाहींत. कारण दोष एका शेताचा नसून पद्धतीचा आहे, आणि त्यांत माझाहि वांटा आहे, हें पुढें दिसून येईल.

प्रथम या व्यवसायाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. स्वीडनमध्यें आर्थर हाझेलियस यानें १८९१ सालीं स्टॉकहोम येथें स्कॅन्सेन नांवाचें उघड्यावरचें संग्रहालय स्थापिलें. निरनिराळ्या प्रांतांतील जुनीं घरें मूळ जागेवरून आणून तेथें उभीं केलीं आणि त्यांत त्या त्या प्रांताचा पोशाख केलेलीं माणसें ठेविलीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत १९४७ सालीं निघालेल्या प्लिमथ येथील संस्थेनें पुढें १६२७ हें एकच साल मुक्रर केलें. त्या वसाहतींतील पात्रें ‘मी’ म्हणून बोलतात व १६२७ नंतरचें कांहींएक आपणांस ठाऊक नाहीं असें दाखवितात. १९७० सालीं आयोवा संस्थानांत लिव्हिंग हिस्टरी फार्म्स ही संस्था स्थापन झाली. तेथें १७००, १८५० व १९०० या तीन सालांचीं शेतें एकाच आवारांत कसलीं जातात. या ठिकाणीं जो मनुष्य औत हांकतो, कणसें सोलतो आणि तें करीत असतां प्रेक्षकांच्या प्रश्नांस उत्तरें देतो, त्यास इंग्रजींत ‘इंटरप्रिटर’ म्हणतात.

या शब्दाचा मूळ अर्थ दुभाषी. मराठ्यांच्या इतिहासांत दुभाषी अपरिचित नाहीं. १६७४ सालीं हेन्री ऑक्झिंडन रायगडास आला तेव्हां कंपनीच्या बाजूनें नारायण शेणवी हा दुभाष्याचें काम करीत होता. दुभाष्याचें पहिलें कर्तव्य असें कीं, दोहों पक्षांपैकीं कोणाच्याहि तोंडीं भलतें वाक्य घालूं नये. येथें एक पक्ष आजचा प्रेक्षक व दुसरा गतकाल. गतकालास तक्रार करतां येत नाहीं, म्हणून या दुभाष्याची जबाबदारी अधिकच मोठी. आपल्या भाषेंत यास ‘निरूपक’ म्हणावें असें मला वाटतें. कां, तें पुढें सांगेन.

आपल्याकडे या जातीचे प्रयत्न झालेलेच नाहींत असें नाहीं. कोल्हापूरनजीक कणेरी येथील सिद्धगिरी मठाच्या संग्रहालयांत जुन्या गांवगाड्यांतील कामें पुतळ्यांच्या रूपानें मांडलीं आहेत. गोमंतकांत बाणावली येथें ‘गोवा चित्र’ या संग्रहालयांत शेतीचीं व घरगुती अवजारें मोठ्या आस्थेनें जमविलेलीं आहेत. पण पुतळा बोलत नाहीं आणि अवजार स्वतःविषयीं बढाई मारीत नाहीं. जिवंत मनुष्य अंगांत बंडी घालून ‘मी शिवाजी महाराजांचा रयत’ असें म्हणूं लागला म्हणजे तेथें एक नवाच प्रश्न उत्पन्न होतो.

आतां प्रयोगाकडे वळूं. साधारण पंचविशींतील एक तरुण, डोक्यास मुंडासें, गुडघ्यापर्यंत धोतर, अशा वेषांत खळ्यावर उभा होता. डोंबिवलीहून आलेलीं शाळेचीं मुलें व त्यांचे पालक भोंवतीं बसले होते. त्यानें महाराजांचा जयजयकार करविला, आपण याच गांवचे पाटील असल्याचें सांगितलें, आणि स्वराज्यांत रयत किती सुखी होती याचें वर्णन केलें. वाणी स्पष्ट होती, हावभाव नेटके होते, मुलें रमलीं होतीं. हे गुण प्रथम नमूद केले पाहिजेत. कारण कंटाळलेल्या श्रोत्यास सत्यहि सांगतां येत नाहीं.

दोषांचे मीं दोन वर्ग करतों. पहिला वर्ग जिन्नसांच्या चुकांचा. पंक्तीला ‘शिवकालीन जेवण’ म्हणून जोंधळ्याची भाकरी वाढली. जोंधळा हें घाटावरचें धान्य. या भागांतील रयतेची भाकर तांदळाची नाहींतर नाचणीची. रश्श्यांत बटाटा व टोमॅटो होते. दोन्हीं पिकें मूळचीं अमेरिकेंतील, आणि टोमॅटो आपल्या स्वयंपाकघरांत रुळला तो एकोणिसाव्या शतकानंतर. गोठ्यापाशीं लोखंडी नांगर मांडला होता. असे नांगर किर्लोस्करांनीं विसाव्या शतकाच्या प्रारंभीं करावयास घेतले. कुणब्याच्या म्हणून बांधलेल्या झोंपडीच्या भिंतींवर वारली चित्रें होतीं. वारल्यांच्या घरीं हीं चित्रें लग्नप्रसंगीं स्त्रिया तांदळाच्या पिठानें काढीत, आणि त्यांत पालघट देवीचा चौक मुख्य. रोजच्या जीवनाचीं दृश्यें स्वतंत्रपणें कागदावर येऊं लागलीं तीं १९७० च्या सुमारास जिव्या सोम्या मशे यांच्या हातून. एकाचें लग्नचित्र दुसऱ्याच्या भिंतीवर शोभेसाठीं काढणें ही केवळ कालाची चूक नाहीं, मालकीचीहि आहे.

याहून मोठी गोष्ट सालाची. ‘शिवकाल’ म्हणजे कोणतें वर्ष ? कल्याण-भिवंडी १६५७ सालीं महाराजांकडे आली. शहापुराजवळचा माहुली किल्ला १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोंगलांस द्यावा लागला व १६७० सालीं परत घेतला गेला. त्या किल्ल्याच्या छायेंतील रयतेनें १६६४, १६६७ व १६७१ या सालीं एकाच धन्याला सारा भरला नाहीं. प्लिमथच्या पात्रांस १६२७ हें साल दिलेलें आहे म्हणून त्यांना निदान काय ठाऊक नसावें हें ठाऊक आहे. आमच्या पाटलास साल नव्हतें, म्हणून त्याला सर्वच ठाऊक होतें.

दुसरा वर्ग न बोललेल्या गोष्टींचा, आणि खरा मुद्दा तोच आहे. पात्र खळ्यावर उभें होतें, पायांशीं भाताची रास होती, आणि त्या राशीचे वांटे कोणकोणाकडे जात याविषयीं एक अक्षरहि निघालें नाहीं. वास्तविक खळें हें गांवच्या इतिहासाचें सर्वांत बोलकें स्थान. सभासदाच्या बखरींत जमिनीच्या मोजणीची रीत दिली आहे : पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे बिघा, एकशेंवीस बिघ्यांचा चावर, आणि पिकाचे पांच वांटे करून तीन रयतेस व दोन सरकारास. एवढें एकच प्रकरण हातीं घेतलें असतें तरी प्रयोग उभा राहिला असता. मुलांच्या हातीं काठी देऊन शेताचा तुकडा मोजवावा, राशीचे त्यांच्याकडूनच पांच ढीग घालवावे, आणि दोन ढीग उचलून बाजूस ठेवावे. उरलेल्या तिहींतून बलुत्यांचें देणें, पुढच्या वर्षाचें बीं, आणि वर्षभर खाणारीं तोंडें. ‘रयत सुखी होती’ हें वाक्य मग उच्चारण्याची गरज उरत नाहीं. ती किती सुखी होती व कोणत्या गोष्टीनें, हें मूल स्वतःच मोजून पाहील. शिवाय मोजून घेणें व ठरलेला वांटा घेणें यांत रयतेस कोणतें संरक्षण मिळालें, हेंहि त्याला जयघोषापेक्षां त्या काठीनेंच अधिक चांगलें कळेल.

तसेंच बलुत्यांचें. प्रयोगांत ‘बारा बलुतेदार गुण्यागोविंदानें नांदत’ असें सांगितलें गेलें. चार्ल्स मेटकाफ यानें १८३० सालीं हिंदुस्थानांतील खेड्यांस लहान प्रजासत्ताकें म्हटलें, तेव्हांपासून हें चित्र आपल्या पुस्तकांत मुरलें आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ लिहून त्या चित्राची दुसरी बाजू दाखविली. गाडा कोणाच्या खांद्यावर चालतो व कोण त्यांत बसून जातो हें तें पुस्तक वाचणारास कळतें. त्यांतहि आत्रे यांचें निरीक्षण मुख्यतः देशावरचें. कोंकणपट्टींतील गांवांत बाराहि बलुतीं भरलेलीं दिसत नाहींत; तेव्हां देशावरचा गांवगाडा उचलून मुरबाडास आणणें हें दुहेरी चुकीचें. आणि ज्यांना गांवांत राहूं दिलें पण पंक्तींत बसूं दिलें नाहीं, त्यांचें काय, हा प्रश्न तर बारा या आंकड्याच्या गोलाईंत लपूनच जातो.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. पहिल्या भेटींत जोंधळ्याची भाकर पाहून मीं राहवलों नाहीं. शाळामास्तराची जुनी संवय. चारचौघांत त्या तरुणाची चूक काढली. तो खालीं पाहून एवढेंच म्हणाला, “गुरुजी, जेवण काय करायचं तें मालक ठरवतात.” मुलें हंसलीं. घरीं येतांना मनांत आलें कीं, पंचवीस-तीस वर्षें मीं वर्गांत तेंच गुण्यागोविंदाचें चित्र शिकविलें. त्या तरुणास पाठ करून दिलेल्या संहितेंतील वाक्यें माझ्यासारख्यांच्याच फळ्यावरून तेथें गेलेलीं. भाकरीची चूक मला दिसली, राशीची दिसली नाहीं. राशीची चूक मला दिसली ती दुसऱ्या भेटींत, आणि ती दाखविली त्यानेंच.

फाल्गुनांत मीं गेलों तेव्हां प्रेक्षक नव्हते. तो साध्या सदऱ्यांत राब रचीत होता. ज्या वाफ्यांत पुढें आवण टाकावयाचें, त्या जमिनीवर शेण, त्यावर तोडून आणलेलें कवळ, त्यावर गवत, आणि सर्वांवर बारीक मातीचा थर. माती कशाला, असें मीं विचारलें. मातीमुळें आग भडकत नाहीं, धुमसत राहते. राख वाऱ्यानें उडत नाहीं. आणि खालची जमीन भाजून निघाल्यानें तणाचें बीं मरतें, असें त्यानें सांगितलें. “हें कुणी पाठ करून दिलेलं नाहीं, आजीबरोबर केलेलं आहे.” मग न विचारतां तो पुढें बोलूं लागला. त्याचे आजोबा कूळ होते. खळ्यावर रास आजोबांची, पण घरांत किती यावयाची तें सावकार ठरवी. खंड घालून उरलें तें आपलें. कूळकायद्यानें १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरला, त्यानंतर ती जमीन त्यांच्या नांवावर झाली. कवळ तोडावयास रानांत जावें तर पणजोबांना कसें अडवीत, हेंहि त्यानें ऐकलेलें होतें.

हें ऐकून मी चकित झालों. १८८२ सालीं निघालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत राबाचें वर्णन आहे. आणि १८८५ ते १८८७ या काळांत मुंबई सरकारनें वनखात्याच्या निर्बंधांविषयींच्या रयतेच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करविली, तींत राबासाठीं फांद्या तोडण्याचा हक्क हा मोठ्या वादाचा विषय होता. म्हणजे या तरुणापाशीं छापील पुराव्याशीं पडताळून पाहतां येईल अशी जिवंत स्मृति होती, आणि प्रयोगांत तिला जागा नव्हती. मीं विचारलें, हें लोकांना कां सांगत नाहींस ? तो म्हणाला, “पाहुण्यांना जड वाटेल म्हणतात. आणि त्या वेषांत मी पाटील असतो ना !” पाटलाच्या वेषानें कुळाच्या नातवाचें तोंड बंद केलें होतें. या प्रयोगावरील माझा मुख्य आक्षेप या एका वाक्यांत आला आहे.

तो आक्षेप शास्त्राच्या भाषेंतहि मांडतां येतो. रसचर्चेंत श्रीशंकुकानें नाट्य म्हणजे अनुकरण असें मानून चित्रतुरगन्याय सांगितला. चित्रांतल्या घोड्यास आपण घोडा म्हणतों तें ज्ञान सत्य नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे व सादृश्यहि नव्हे. नटाच्या ठिकाणीं ‘हा राम’ ही प्रतीति तशीच. अभिनवगुप्ताचे गुरु भट्टतौत यांनीं त्यावर जो आक्षेप घेतला तो आमच्या विषयाला नेमका लागू पडतो : ज्याचें अनुकरण करावयाचें तो पूर्वीं कोणी पाहिलेला असला पाहिजे, रामास तर कोणींच पाहिलेलें नाहीं, मग अनुकरण कशाचें? १६७१ मधील मुरबाडचा रयतहि कोणीं पाहिलेला नाहीं. त्याचें अनुकरण करूं म्हणणारा वस्तुतः चित्रपटांतल्या व शाळेच्या पुस्तकांतल्या रयतेचें अनुकरण करीत असतो. नाट्यशास्त्रांत अनुकरण हा शब्द नाहीं असें नाहीं. पण अभिनवगुप्तानें भर दिला तो अनुकीर्तन या शब्दावर. पाहिलेल्याची नक्कल नव्हे, तर पुन्हां सांगणें व सांगतां सांगतां प्रत्ययास आणणें.

अनुकरण व अनुकीर्तन या दोहोंचीं रूपें महाराष्ट्रास फार दिवसांपासून परिचित आहेत. पहिलें बहुरूप्याचें, दुसरें कीर्तनकाराचें. बहुरूपी फौजदाराचा वेष घालून दारांत येतो. क्षणभर फसवावें व मग हंसवावें ही त्याची कला, आणि ती कला म्हणून थोर आहे. पण फसवणूक टिकली तरच ती साधते. कीर्तनकाराचें तसें नाहीं. तो स्वतःच्याच वेषांत उभा असतो. पूर्वरंगांत निरूपण करतो, उत्तररंगांत आख्यान लावतो. आख्यानांत तो क्षणांत द्रौपदी होतो, क्षणांत दुःशासन होतो, आणि श्रोत्यांचे डोळे भरून आले असतां पुन्हां बुवा होऊन अर्थ सांगतो. वेष न पालटतां भूमिका पालटणें, आणि भूमिकेंतून केव्हांहि बाहेर येऊन प्रश्नास उत्तर देण्याची मोकळीक ठेवणें, हें त्याचें सामर्थ्य. शेतावर उभ्या राहणाऱ्या मनुष्यास मीं ‘निरूपक’ म्हणतों तें याच परंपरेला धरून.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रथमपुरुषीं प्रयोगांत जो चटका बसतो तो निरूपणांत बसत नाहीं. हा आक्षेप पोकळ नाहीं. व्हर्जिनियांतील कलोनियल विल्यम्सबर्ग येथें १९९४ सालीं गुलामांच्या लिलावाचा प्रसंग करून दाखविला गेला. दुःखाचा तमाशा होईल म्हणून त्यास पुष्कळांनीं विरोध केला. विरोध करणाऱ्यांतील एका पुढाऱ्यानें प्रयोग पाहिल्यावर आपलें मत पालटलें. परंतु तेथेंहि त्या प्रयोगाच्या सूत्रधार ख्रिस्टी कोलमन यांनीं आरंभीं स्वतःच्या रूपानें जमावाशीं बोलून, पाहून मग न्याय करा, अशी विनंती केली होती. प्लिमथ येथें तर इंग्रज वसाहतवाल्यांचीं पात्रें १६२७ मध्यें राहत असतां, शेजारच्या वाम्पानोआग वस्तींतील मूळ रहिवाशांचे वंशज पात्र होण्याचें नाकारतात. जुनीं कामें करतात, पण आजच्या काळांतले आपण म्हणून बोलतात. कारण उघड आहे. ज्याचा इतिहास दुसऱ्यांनीं लिहिला, त्याला पात्र होऊन गप्प राहणें परवडत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांतहि हेंच खरें आहे. जानेवारी १९४५ मध्यें कल्याण तालुक्यांतील टिटवाळें येथें किसान सभेची परिषद भरली. त्याच वर्षीं मे महिन्यांत, त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत असलेल्या उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें वारल्यांनीं वेठ नाकारण्याचा निश्चय केला. आज रेल्वेनें टिटवाळ्यास गणपतीच्या दर्शनास जाणाऱ्या किती जणांना हें ठाऊक असेल ? शेतावरचा इतिहास १६८० सालीं संपत नाहीं. एकाच खळ्यावर दिवाणाचे दोन वांटे, मग सावकाराचा खंड, मग वेठीचा नकार, मग कूळकायदा, असा क्रम दाखवितां येतो; आणि तो दाखविणारा मनुष्य त्याच गांवचा असेल तर त्याहून अधिकारी निरूपक कोठें मिळणार ?

म्हणून सूचना थोड्याच. एक, साल निश्चित करावें, आणि तें फाटकावर लिहावें. दोन, प्रत्येक विधानाबरोबर त्याचें प्रमाण सांगण्याची संवय ठेवावी. नैयायिकांचे शब्द वापरावयाचे तर : हें मीं केलेलें, म्हणून प्रत्यक्ष, हें बखरींत किंवा आजीच्या तोंडीं ऐकलेलें, म्हणून शब्द, आणि हें त्यांवरून काढलेलें, म्हणून अनुमान. दहा वर्षांच्या मुलासहि हा भेद कळतो. तीन, निरूपकास मोलकरी नट समजूं नये. संहिता ठरवितांना त्याला बसवून घ्यावें, वाचनास वेळ द्यावा, आणि त्या वेळाचेंहि वेतन द्यावें. संहिता मालक ठरवितो, चूक चारचौघांत निरूपकाच्या पदरीं पडते, हा न्याय नव्हे. चार, पाहुण्यांना जड वाटेल ही भीति सोडावी. मार्गशीर्षांतल्या त्या मुलांनीं जयजयकार केला तो पाठ होता म्हणून. फाल्गुनांत मातीच्या थराचें कारण ऐकतांना मी, साठी उलटलेला, मुलासारखा ऐकत होतों.

शेवटीं संशोधकांकडे. आपण कागदपत्रें छापतों, त्यांवर टीपा देतों, आणि तीं कपाटांत जातात. इकडे आठवड्याच्या आठवड्यास शेंकडों मुलें शेतावर इतिहास म्हणून कांहीं तरी ऐकून घरीं परततात. हा दुभाषी आपल्या व त्यांच्यामध्यें उभा आहे. त्याच्या हातीं खरें वाक्य देणें हें आपलें काम. मुरबाड, शहापूर, भिवंडी व कल्याण या तालुक्यांतील मोजणी, सारा, खंड, राब व वेठ यांविषयीं छापील साधनांत जें आहे तें साध्या मराठींत वीस-पंचवीस पानांत एकत्र करून अशा शेतांस द्यावें, व उलट तेथील वृद्धांपासून जें मिळेल तें टिपून घ्यावें, असें मी सुचवितों. पहिल्या कामास मीं प्रारंभ केला आहे. दुसऱ्यासाठीं त्या तरुणास विचारलें. तो हो म्हणाला, आणि आपलें नांव लेखक म्हणून घालाल का, असें त्यानें विचारलें. घालणार आहे.